रेंजफाइंडरवर अल्ट्रा वाइड : जवळ जाण्याची लेन्स

सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाच्या काठावर उभं राहून मंदिराचा फोटो काढायचा असेल, तर अल्ट्रा वाइड, म्हणजे फार रुंद दृश्य टिपणारी लेन्स घरीच ठेवा. ५० मिमीच्या लेन्सने जी वस्तू निगेटिव्हवर १० मिमी उमटते, ती त्याच जागेवरून १५ मिमीच्या लेन्सने जेमतेम ३ मिमी उरते. मंदिर पार आक्रसून जातं, वर पांढरंफटक आभाळ, खाली पाणीच पाणी. ‘सगळं मावलं पाहिजे’ म्हणून ही लेन्स घेणाऱ्यांचा पहिला रोल बहुतेक वेळा असाच धुऊन येतो आणि मग लेन्स विकायला निघते.

ही जवळ जाण्याची लेन्स आहे. समोरची वस्तू हातभर अंतरावर आणि तिच्या मागचा सगळा पसारा तिच्यासोबत, असं जिथे हवं असतं तिथे तिला तोड नाही. सोलापुरात अशा जागांना तोटा नाही. पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या शेडमधली दोन मागांमधली चिंचोळी वाट घ्या, भुईकोट किल्ल्याचे दरवाजे घ्या, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या यात्रेतली गर्दी घ्या. तिन्ही ठिकाणी मागे सरकायला जागा नसते. पुढचं सगळं याच तीन जागा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

लेन्स एवढीशी कशी

एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा असतो. तो वर उचलला जायला जागा लागते, म्हणून लेन्सचा माउंट (लेन्स बसते ती कडी) फिल्मपासून लांब ठेवावा लागतो. निकॉनमध्ये हे अंतर ४६.५ मिमी आहे. १५ मिमीच्या लेन्सला एवढ्या लांबून फिल्मवर प्रतिमा पाडायला लावायचं म्हणजे पुढे मोठमोठी भिंगं लावून खटाटोप करावा लागतो. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात लेन्समधून नाही तर वरच्या वेगळ्या खिडकीतून बघायचं असतं, त्यामुळे त्यात आरसाच नाही. लायका एम माउंटचं अंतर २७.८ मिमी, जुन्या ३९ मिमी स्क्रू माउंटचं २८.८ मिमी. लेन्सचं मागचं भिंग थेट आत, शटरच्या जवळ नेता येतं. म्हणून लेन्स लहान, हलकी आणि सरळ रेषा सरळ ठेवणारी होते. फिल्मलाही तिरपे येणारे किरण चालतात. हीच जुनी लेन्स डिजिटल कॅमेऱ्यावर लावली की कडांना जांभळट झाक येते. फिल्मवर ती भानगड नाही.

काय घ्यावं

या प्रकारात सर्वात जास्त हातांतून फिरलेली लेन्स म्हणजे जपानच्या कोसिना कंपनीने १९९९ मध्ये फोइग्टलेंडर या नावाने आणलेली १५ मिमी एफ/४.५ सुपर वाइड हेलिअर (एफचा आकडा म्हणजे लेन्सच्या छिद्राचं, अ‍ॅपर्चरचं माप; आकडा मोठा तितकं छिद्र लहान). स्क्रू माउंट, सहा गटांत आठ भिंगं, वजन १०५ ग्रॅमच्या आसपास. ती ३० सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस होते, पण कॅमेऱ्याच्या रेंजफाइंडरशी, म्हणजे अंतर मोजणाऱ्या यंत्रणेशी जोडलेली नाही. अंतर डोळ्यांनी मोजून रिंगवर लावायचं. पुढचं हूड अंगचंच आहे, त्यामुळे फिल्टर थेट लावता येत नाही. नंतर आलेल्या एम माउंटच्या आवृत्त्या रेंजफाइंडरला जोडलेल्या आहेत, मात्र तिसरी आवृत्ती डिजिटलचा विचार करून केलेली आणि दुपटीहून जड आहे. खिशात राहणारी लेन्स हवी असेल तर पहिलीच बघा.

१५ फारच वाटत असेल तर त्याच घराण्यातली २१ मिमी एफ/४ कलर स्कोपार आहे. ती रेंजफाइंडरला जोडलेली आहे आणि ३९ मिमीचे फिल्टर घेते. रशियन हवी तर रुसिनोव यांनी रचलेली २० मिमी एफ/५.६ रुसार एमआर-२, तीही अंदाजाने फोकस करायची. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा घेणाऱ्याने २१ घ्यावी, कारण तिचे दोष माफक आहेत. पण हा लेख मुख्यतः १५ बद्दल आहे. १५ सांभाळता आली की २१ आपोआप येते.

कॅमेरा महागडा लागत नाही. लेन्स रेंजफाइंडरला जोडलेलीच नसेल तर रेंजफाइंडर उत्तम असून करायचं काय? झोर्की-४ किंवा फेड-२ सारखा रशियन कॅमेरा भागवतो. मात्र लेन्स पहिल्यांदा हलक्या हाताने फिरवून बसवा. मागचा भाग आत कुठे अडतोय असं वाटलं तर जोर लावू नका. झोर्कीवर शटरचा वेग फिल्म पुढे ओढल्यानंतरच बदलायचा, हेही विसरू नका. या लेन्ससोबतच आलेला बेसा एल हा तर जणू तिच्यासाठीच केलेला कॅमेरा: त्यात ना रेंजफाइंडर ना व्ह्यूफाइंडर, फक्त शटर आणि लाइट मीटर. मीटरचे दिवे कॅमेऱ्याच्या पाठीवर बाहेरून दिसतात, त्यामुळे कॅमेरा छातीशी असतानाही एक्स्पोजर बघता येतं. लायका एम असेल तर स्क्रूवरून एमवर जाणारी रिंग लागते. तिची जाडी १ मिमी, वर दिलेल्या दोन अंतरांमधला फरक तेवढाच आहे. रिंग स्वस्तातली घेतली तर जाडीत उन्नीस-बीस निघू शकतं, आणि १५ मिमीवर एवढ्याशा फरकानेही अनंताची खूण चुकते.

घरी करायची तयारी

कॅमेऱ्याच्या स्वतःच्या खिडकीतून १५ मिमीची चौकट दिसत नाही. लायका एम६ मध्ये २८ मिमीपर्यंतच रेषा आहेत, बेसा आर४ मध्ये २१ पर्यंत. त्यामुळे वरच्या शूमध्ये (फ्लॅश बसवायच्या खाचेत) वेगळा फाइंडर लावावा लागतो. हा फाइंडर शूमध्ये सैल बसत असेल तर खाली कागदाची बारीक पट्टी सरकवा आणि पातळ दोऱ्याने पट्ट्याला बांधून ठेवा. गर्दीत पडला तर पुन्हा सापडत नाही.

आता फाइंडर खरं किती सांगतो हे तपासू. कॅमेऱ्यात रोल नसताना मागचं झाकण उघडा, फिल्म जिथून सरकते त्या खिडकीवर ट्रेसिंग पेपरचा तुकडा चिकटपट्टीने ताणून लावा. शटर ‘बी’ वर (बटण दाबलेलं असेतो उघडं राहतं) ठेवून केबल रिलीजने, म्हणजे बटणाला जोडायच्या तारेने, उघडंच अडकवा. कॅमेरा टेबलावर ठेवा, समोर खिडकी किंवा कपाट असं काही उजळ असू द्या, स्वतः डोक्यावर काळं कापड घ्या. ट्रेसिंग पेपरवर उलटी प्रतिमा दिसेल. तिच्या चारही कडांना काय आहे ते लक्षात ठेवा आणि मग फाइंडरमधून बघा. बहुतेक फाइंडर प्रत्यक्षापेक्षा थोडं कमी दाखवतात. कुठल्या बाजूला किती, हे एकदा कळलं की कायमचं कळलं. हीच चाचणी अर्ध्या मीटरवर पाण्याचा तांब्या ठेवून पुन्हा करा. फाइंडर लेन्सच्या काही सेंटिमीटर वर बसलेला असतो, त्यामुळे जवळची वस्तू फाइंडरमध्ये खाली दिसते आणि फिल्मवर वर सरकलेली येते. जवळचं काही टिपताना फाइंडरमध्ये चौकट जुळवायची आणि मग कॅमेरा त्या काही सेंटिमीटरांएवढा सरळ वर उचलायचा.

ट्रेसिंग पेपर लावलेलाच आहे, तर आपली बोटं कुठे दिसतात तेही बघून घ्या. डाव्या हाताने लेन्स खालून धरायची सवय असेल तर बोट हमखास चौकटीत येतं. ही लेन्स धरायचीच नसते. कॅमेरा दोन्ही बाजूंनी धरायचा. पट्टाही पुढे लोंबकळू द्यायचा नाही.

आणि झाकण. रेंजफाइंडरमध्ये लेन्सवर झाकण असलं तरी फाइंडरमधून सगळं छान दिसत राहतं. फिरायला निघाल्यावर झाकण खिशात गेलं की परत लेन्सवर येऊ देऊ नका.

फोकस : एकदा लावा आणि विसरा, पण कुठे लावता ते महत्त्वाचं

१५ मिमीवर ‘सगळंच फोकसमध्ये येतं’ असं म्हणतात. ते अर्धंच खरं आहे.

हिशेब असा. एफ/८ ला अंतर १ मीटरवर ठेवलं तर साधारण अर्ध्या मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट धरलं जातं. एफ/५.६ ला तेच साधायला १.३५ मीटरवर ठेवावं लागतं आणि स्पष्टता ७० सेंटिमीटरपासून सुरू होते. एफ/४.५ ला १.७ मीटर, आणि स्पष्टता ८५ सेंटिमीटरपासून. २१ मिमीच्या लेन्सवर एफ/८ ला १.८५ मीटर लावलं तर ९५ सेंटिमीटरच्या पलीकडचं सगळं मिळतं. लेन्सवरच्या खुणा याच हिशेबाने कोरलेल्या असतात.

मेख अशी की या हिशेबात ‘स्पष्ट’ म्हणजे फिल्मवर ०.०३ मिमीचा ठिपका, आणि तो हिशेब लहान प्रिंटच्या काळातला. आज निगेटिव्ह स्कॅन करून स्क्रीनवर मोठी करून बघितली की अनंतापाशी असलेल्या वस्तू, म्हणजे किल्ल्याचे लांबचे बुरूज, पलीकडच्या काठावरची झाडं, थोडी मऊ वाटतात. लेन्स खराब नाही. तुम्ही फोकस १ मीटरवर लावलाय म्हणून तसं दिसतं. यावर माझा तोडगा सरळ आहे. जवळ, म्हणजे हाताच्या टप्प्यात, खरंच काही आहे का? नसेल तर रिंग ३ मीटरवर ठेवा. एफ/८ ला पाऊण मीटरपासून पुढचं सगळं येतं आणि लांबचंही कडक राहतं. जवळ काही असेल तरच १ मीटर. त्याहून जवळ, ३०-४० सेंटिमीटरवर जायचं असेल तर मागचं थोडं मऊ होणार हे मान्य करूनच जा.

म्हणजे रिंगला दोनच जागा: ३ मीटर आणि १ मीटर. दुसऱ्या जागेवर रिंगच्या कडेला इलेक्ट्रिकची टेप बारीक कापून लावा, म्हणजे न बघता बोटाला कळेल. अंतर मोजायचं तर आपला हात खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत किती, हे टेपने एकदा मोजून ठेवा. मोठ्या माणसाचा हात सुमारे ७० सेंटिमीटर भरतो. अंतर मात्र फिल्मपासून मोजायचं, लेन्सच्या टोकापासून नव्हे. ३० सेंटिमीटरवर असताना हा फरक चांगलाच जाणवतो.

एफ/१६ च्या पलीकडे जाऊ नका. अ‍ॅपर्चर फार बारीक केलं की सगळंच थोडं भुरकट होतं, आणि या लेन्सला एवढ्या खोलीची गरजही नसते.

उजेड : आभाळाला मीटर देऊ नका

१५ मिमीची चौकट आडवी शंभर अंश बघते. तिच्यात आभाळ येणारच, आणि सोलापूरचं मार्च ते मे महिन्यांतलं आभाळ निळं कमी, पांढरं जास्त. कॅमेऱ्याच्या मीटरने ते पाहिलं की तो एक्स्पोजर कमी करतो आणि जमिनीवरचं सगळं काळं पडतं. मीटर खाली, जमिनीकडे वळवून मोजा. किंवा आपला तळहात सूर्याच्या उजेडात धरून त्यावरून मोजा आणि एक स्टॉप वाढवा, म्हणजे उजेड दुप्पट द्या. हातात धरायचा वेगळा मीटर असेल तर उत्तमच. सुपर अँग्युलॉनसारख्या ज्या लेन्सचं मागचं भिंग फार आत जातं, त्या लावल्यावर काही कॅमेऱ्यांचा आतला मीटर आंधळा होतो.

उघड्या उन्हात मीटरशिवायही चालतं. जुना नियम: एफ/१६ आणि फिल्मच्या आयएसओएवढा (फिल्मच्या संवेदनशीलतेच्या आकड्याएवढा) शटर. इल्फर्ड एफपी४ प्लस १२५ ची फिल्म आहे, तिला १/१२५ ला एफ/१६, म्हणजेच १/५०० ला एफ/८. एचपी५ प्लस किंवा ट्राय-एक्स ४०० ची आहे; तिला एफ/८ वर यायचं तर १/२००० लागतो आणि झोर्की १/१००० ला थांबतो. म्हणून उन्हाळ्यात बाहेर फिरताना १२५ ची फिल्म आणि शेडमध्ये किंवा संध्याकाळी ४०० ची, अशी वाटणी मी सुचवतो. दोन स्वस्त कॅमेरे असतील तर एकात एक, दुसऱ्यात दुसरी.

यात अजून एक स्टॉप जोडायचा आहे. प्रत्येक अल्ट्रा वाइड लेन्सच्या कोपऱ्यांत उजेड कमी पोचतो. तिरप्या येणाऱ्या किरणांचा हा भूमितीचा नियमच आहे: कोनाच्या कोसाइनचा चौथा घात. १५ मिमीच्या कोपऱ्याला किरण ५५ अंशांनी येतो; हिशेब केला तर मध्यापेक्षा उजेड तीन स्टॉपहून थोडा जास्तच घटतो. प्रत्यक्ष लेन्स यात जरा सावरून घेते, पण अ‍ॅपर्चर बारीक करून हा भाग जात नाही. झाइसच्या १५ मिमी होलोगॉनला तर यासाठी मध्ये काळसर आणि कडेला स्वच्छ असा खास फिल्टर लावायचे, त्यात दोन स्टॉप जायचे. आपण निगेटिव्ह फिल्मवर असल्यामुळे सोपी वाट आहे. एक स्टॉप जास्त द्या, म्हणजे कोपऱ्यातल्या सावल्यांतही काहीतरी उमटेल. एफपी४ ला भर उन्हात १/२५० ला एफ/८ हे आकडे पाठच करून टाका. स्लाइड फिल्म मात्र या लेन्सवर टाळलेली बरी.

पोलरायझर फिल्टर २१ मिमीवर बसला तरी लावू नका. आभाळाचं ध्रुवीकरण सूर्यापासून ९० अंशांवर सर्वाधिक असतं. एवढ्या रुंद चौकटीत आभाळाचा एक पट्टा गडद आणि बाजूचे फिके येतात. पिवळा फिल्टर चालेल.

सूर्य चौकटीत येणं इथे रोजचंच. कडुलिंबाच्या फांदीआड, खांबाआड, माणसाच्या डोक्याआड त्याला दडवा. ज्या रेंजफाइंडरचं शटर कापडाचं आहे तो उघड्या लेन्ससह सूर्याकडे तोंड करून गळ्यात लटकवू नका. कापडाला भोक पडू शकतं. एफ/४.५ ची लेन्स आणि सूर्याचं इवलंसं प्रतिबिंब यामुळे धोका मोठ्या लेन्सपेक्षा कमी, पण सोलापूरच्या मे महिन्याशी पैज कशाला लावायची? काम नसताना अ‍ॅपर्चर एफ/१६ वर फिरवून ठेवा.

किल्ला : कॅमेरा समतल, आणि पुढ्यातल्या जमिनीचं काय करायचं

भुईकोट किल्ला तलावाला लागूनच आहे, दुहेरी तटाचा. सरावासाठी यापेक्षा चांगली जागा नाही: सरळ उभ्या रेषा, मोकळी जागा, आणि तुमच्याकडे कुणी फारसं बघत नाही. केंद्र संरक्षित स्मारक आहे, तेव्हा तिपाईला वेगळी परवानगी लागते. तिपाईची गरजही नाही.

कॅमेरा जराही वर उचलला की बुरूज मागे कलंडतात. थोडं कलंडणं वाईट दिसतं, भरपूर कलंडणं चालून जातं. मधल्या अवस्थेत राहू नका. कॅमेरा सरळ ठेवायचा तर शूमध्ये बसणारी पाणसळ मिळते. काही फाइंडरमध्ये ती आतच दिसते. नसेल तर एक खूण पुरते: कॅमेरा समतल असेल तेव्हा क्षितिज बरोब्बर चौकटीच्या मध्यातून जातं. तुमच्या डोळ्यांच्या उंचीवरची प्रत्येक गोष्ट मध्यरेषेवर हवी. समोर उभ्या असलेल्या, तुमच्याएवढ्या उंच माणसाचे डोळे मध्यावर आहेत का बघा.

आता किती लांब उभं राहायचं? १५ मिमीच्या आडव्या चौकटीत कॅमेऱ्याच्या वर अंतराच्या ०.८ पट उंची मावते. उभ्या चौकटीत १.२ पट. १० मीटर उंच बुरूज आणि कॅमेरा दीड मीटरवर, म्हणजे वर साडेआठ मीटर उरले. आडव्या चौकटीत सुमारे साडेदहा मीटरवर उभं राहा, उभ्या चौकटीत सात मीटर पुरे. २१ मिमीसाठी हेच गुणक ०.५७ आणि ०.८६.

कॅमेरा समतल ठेवला की खालची अर्धी चौकट जमिनीला जाते. आडव्या चौकटीत ती तुमच्या पायांपासून दोन मीटरच्याही अलीकडून सुरू होते. ही मोकळी जमीन नुसती सोडली तर फोटो रिकामा. तिथे काहीतरी हवं: दरवाजाची झिजलेली फरशी, वाळलेल्या शेंगा, पायऱ्यांची तिरपी रेघ, बसलेला माणूस. मी आधी पुढ्यातली जमीन निवडतो, मग तिच्यामागे बुरूज येईल अशा बाजूला जातो. कधीकधी गुडघ्यावर बसलं की चौकटीतली जमीन आणखी जवळून सुरू होते, पुढ्यातली वस्तू मोठी होऊन मोकळी जागा भरते आणि काम तिथेच संपतं.

स्वतःच्या सावलीचाही हिशेब आहे. सूर्य पाठीशी असताना तुमची सावली तुमच्या उंचीच्या सव्वापटीहून लांब झाली की ती आडव्या चौकटीत शिरणारच. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सूर्य बाजूला घ्या.

यंत्रमागाच्या शेडमध्ये

सोलापुरी चादर आणि टॉवेल जिथे विणले जातात त्या शेड म्हणजे या लेन्सचं खरं माहेर. दोन मागांमध्ये एक माणूस चालेल एवढीच वाट, वर चादरीच्या मागांवर जेकार्डचा (नक्षी विणणाऱ्या यंत्रणेचा) पसारा, खाली ताण्याच्या धाग्यांचे बीम. ५० मिमीने इथे माणसाचं नुसतं तोंड येतं किंवा नुसता माग.

आधी मालकाला विचारा, मग मागावरच्या माणसाला. पूर्व भागात बहुतेक घरांत तेलुगू बोलतात. दोन शब्द येत असतील तर वापरा, नाहीतर आपली मराठी चालतेच. माग चालू असताना आवाजामुळे बोलणं होत नाही, म्हणून काय हवंय ते आधी बाहेर उभं राहून ठरवा. पहिली काही मिनिटं कॅमेरा न उचलता वाट समजून घ्या: पट्टा कुठे फिरतो, धोटा (आडवा धागा नेणारा) कुठल्या बाजूला उसळू शकतो, माणूस कांडी बदलायला कुठे वाकतो. हे फोटोसाठी नाही, सुरक्षेसाठी आहे. अल्ट्रा वाइडच्या फाइंडरमध्ये सगळं लांब दिसतं. जो पट्टा दीड मीटरवर वाटतो तो हाताएवढ्या अंतरावर असतो. मागे पाऊल टाकायच्या आधी डोळा फाइंडरवरून काढायचाच. ढगळ शर्ट, लोंबता पट्टा, ओढणी नको.

४०० ची फिल्म, एफ/४.५, शटर १/१५ ते १/३०. एवढ्या संथ शटरला १५ मिमी हातात स्थिर राहते, कारण लेन्स रुंद आहे आणि आरशाचा दणका नाही. कोपर बरगडीला टेकवा, श्वास सोडताना बटण दाबा. माणूस क्षणभर थांबतो तेव्हा तो स्पष्ट येतो आणि धोटा, ताण्याचे धागे धूसर होतात. हवं असतं तेच मिळतं. एफ/४.५ ला रिंग १ मीटरवर ठेवली तर ६० सेंटिमीटरपासून अडीच मीटरपर्यंतच स्पष्टता मिळते, हे इथे लक्षात ठेवा. मागचे माग मऊ होतील. मला ते आवडतं. शेवटच्या मागापर्यंत सगळं हवं असेल तर १.७ मीटर.

उघडं दार किंवा छतातला काचेचा पत्रा चौकटीत आला तर मीटर पुन्हा फसतो. माणसाच्या अंगावरचा उजेड जवळ जाऊन मोजा आणि तोच धरून ठेवा.

रोल शेडमध्ये बदलू नका. हवेत कापसाचे तंतू तरंगत असतात. एक तंतू फिल्मच्या खिडकीत अडकला की पुढच्या प्रत्येक फोटोच्या कडेला त्याची मिशी दिसते. बाहेर सावलीत या, ब्लोअरने फुंकर मारा, मग झाकण उघडा.

गड्डा : गर्दी आणि कडेचे चेहरे

मकरसंक्रांतीच्या सुमाराला सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते. सात नंदीध्वज (उंच काठ्या) निघतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ते पेलतात. गर्दीत अल्ट्रा वाइड उत्तम, पण इथे तिचा सर्वात मोठा दोष उघडा पडतो. लेन्स सरळ रेषा सरळ ठेवते, त्याची किंमत कडेच्या गोल वस्तू देतात. १५ मिमीच्या आडव्या कडेला असलेलं डोकं दीडपटीहून जास्त रुंद ताणलं जातं, कोपऱ्यात पावणेदोन पट. २१ मिमीला कडेला साधारण १.३ पट. कोणाचंही तोंड कडेला ठेवू नका; ज्याचा फोटो काढताय त्याला मधल्या तिसऱ्या भागात घ्या. कडेला नंदीध्वजाची काठी, भिंत, झेंडे, हात चालतात. काठी ताणली गेली तरी काठीच दिसते.

पांढऱ्या बाराबंदीवर जानेवारीचं कोवळं ऊन पडतं तेव्हा मीटर कमी सांगतो. तळहाताचा हिशेब इथेही चालतो. नंदीध्वज उंच असल्यामुळे कॅमेरा वर करायचा मोह होतो. उभ्या चौकटीत, समतल ठेवून, चार पावलं मागे जाता येतं का बघा. नाहीतर सरळ ध्वजाच्या खाली जाऊन आभाळाकडेच धरा, अर्थात पेलणाऱ्यांच्या वाटेत न येता. तोल त्यांचा असतो, आपण मध्ये घुसायचं नाही.

फाइंडर डोळ्याला लावायला जागा नसेल तेव्हा कॅमेरा छातीशी समतल धरून दाबा. एफ/८, १ मीटर, १/२५०. यात अंदाज चुकला तरी शंभर अंशांत माणूस सापडतो.

फिल्म, उन्हाळा आणि धुलाई

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. रोल फ्रिजमध्ये, हवाबंद डब्यात. घरच्यांना डबा दाखवून ठेवा, नाहीतर कुणीतरी शेंगा चटणी समजून उघडतं. वापरण्याआधी दोन-तीन तास डबा न उघडता बाहेर ठेवा, म्हणजे फिल्मवर दव धरणार नाही. गाडीच्या डॅशबोर्डवर आणि डिकीत कॅमेरा अजिबात ठेवू नका.

रंगीत रोल पुण्या-मुंबईच्या लॅबकडे कुरिअरने पाठवणं हा साधा मार्ग. ब्लॅक अँड व्हाइट घरी धुवावं. आपल्याकडे उन्हाळ्यात नळाचं पाणीच तिशीच्या पुढे असतं आणि बहुतेक तक्ते २० अंशांचे. पाणी जितकं गरम तितका धुलाईचा वेळ कमी. तो पाच मिनिटांच्या खाली गेला की डेव्हलपर सगळीकडे सारखा लागत नाही. इतर लेन्सवर हे खपून जातं. अल्ट्रा वाइडच्या फोटोत अर्धं आभाळ असतं, आणि सपाट आभाळात प्रत्येक डाग, प्रत्येक पट्टा दिसतो. म्हणून डेव्हलपर जास्त पातळ करून वेळ लांबवा आणि बर्फाच्या पिशव्या लावलेल्या घमेल्यात बाटल्या ठेवून २० ते २४ अंशांवर आणा. फिक्सर आणि धुण्याचं पाणीही जवळपास त्याच तापमानाचं हवं.

कोपऱ्यांचा अंधार एन्लार्जरवर (निगेटिव्हवरून कागदावर मोठी प्रिंट काढायच्या यंत्रावर) थोडा आपोआप कमी होतो. एन्लार्जरचा उजेडही मध्ये जास्त, कडेला कमी असतो. त्याने प्रिंटचा मध्य गडद आणि कोपरे फिके होतात, म्हणजे लेन्सच्या दोषाच्या नेमकं उलट. उरलेल्यासाठी मधल्या आभाळाला थोडा जास्त उजेड द्या. कोपरे हाताने झाकून वाचवण्यापेक्षा हे सोपं जातं, कारण झाकलेल्या हाताची कड आभाळात दिसते. स्कॅन करणार असाल तर स्कॅनरचा आपोआप कॉन्ट्रास्ट वाढवणारा पर्याय बंद ठेवा. तो कोपऱ्यांतल्या विरळ भागाला काळं ठरवून कापून टाकतो. सपाट, फिकट स्कॅन घ्या, कोपरे आधी उजळा आणि कॉन्ट्रास्ट त्यानंतर वाढवा.